अंगावर पडलेला उजेड: जपानी फोटोग्राफर हे कसं करतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात फोटोग्राफी शिकणारी एक मुलगी आहे, तिची मैत्रीण भरतनाट्यम करते, दोघींना मिळून ‘प्रकाश, शरीर आणि जपानी परंपरा’ अशी सिरीज करायचीये. प्रोजेक्टरनं अंगावर जुनी जपानी चित्रं टाकायची आयडिया आहे, किमोनो भाड्यानं मिळतोय, सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात शूट करायचं डोक्यात आहे, आणि ती विचारतेय की सुरुवात कुठनं करू. मी २२ वर्षं मुख्यतः नाचणाऱ्यांचेच फोटो काढतेय, स्टेजवर आणि स्टुडिओत, आणि जपानी फोटोग्राफी हा माझ्या फार जवळचा विषय, म्हणून जरा लांबलचकच लिहिते. तू माझ्यापेक्षा बरीच लहान असणार, अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी किमोनो आणि बागेचं सांगते म्हणजे ते बाजूला होईल. ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे, छानच आहे, सकाळी लवकर गेलीस तर पाण्यावरचा उजेड बघण्यासारखा असतो. पण तिथं किमोनो घालून मैत्रिणीला उभी केलीस तर जो फोटो येईल तो कपड्याचा येईल. शरीर कपड्यात गेलं, उजेड सगळीकडनं सारखा, आणि परंपरा म्हणजे मागची बाग. तुझ्या तिन्ही शब्दांपैकी एकावरही काम झालेलं नसेल. म्हणून किमोनोचे पैसे वाचव आणि ते प्रोजेक्टरच्या भाड्यात घाल.

प्रोजेक्टरची आयडिया मात्र चांगली आहे, आणि ती आधी कुणी केलीये ते तुला माहीत असलंच पाहिजे. एइको होसोए. जन्म १९३३, यामागाता प्रांतातल्या योनेझावाचा, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गेले, ९१ वर्षांचे होते. त्यांनी २००२-०३ च्या सुमाराला ‘उकियो-ए प्रोजेक्शन्स’ नावाचं काम केलं, बुटो (युद्धानंतर जपानमध्ये आलेला एक नाच) नाचणाऱ्यांच्या पांढऱ्या रंगवलेल्या अंगांवर होकुसाई वगैरेंची जुनी लाकडी ठशांची चित्रं प्रोजेक्टरनं टाकून फोटो काढले. जागा कुठली, तर तोक्योतला ॲस्बेस्टॉस स्टुडिओ, म्हणजे बुटोचा जनक तात्सुमी हिजिकाताची स्वतःची जागा, आणि ती तेव्हा बंद व्हायला आली होती. हिजिकाता १९८६ मध्येच गेलेला. म्हणजे बघ, ज्या जमिनीवर हा नाच वाढला त्या जमिनीवर शेवटचं एकदा शरीरं उभी केली आणि त्यांच्यावर दोनशे वर्षं जुनी चित्रं उजेड म्हणून सांडली. हे माहीत असलं की ते फोटो वेगळेच दिसतात, अंगावर मस्त डिझाईन दिसतंय एवढ्यावर थांबत नाहीत.

पण होसोए तिथपर्यंत चाळीस वर्षांनी पोचले, आणि तुला खरं शिकायचंय ते त्या चाळीस वर्षांत आहे.

१९५९ मध्ये हिजिकातानं पहिला गाजलेला प्रयोग केला, ‘किंजिकी’. छोटासाच तुकडा, आणि शेवटी स्टेजवर पूर्ण अंधार, प्रेक्षकांना फक्त पळण्याचे आवाज ऐकू येत होते. नाचाच्या प्रयोगात नाचणाराच दिसू द्यायचा नाही! होसोएंनी तो बघितला आणि तिथनं दोघांची मैत्री सुरू झाली. मग आलं ‘पुरुष आणि स्त्री’, १९६० मध्ये प्रदर्शन, १९६१ मध्ये पुस्तक. त्यातही हिजिकाता आहे. त्या प्रिंट्स बघ कधीतरी, इंटरनेटवर का होईना, मधले राखाडी टोन जवळजवळ नाहीतच, पाठ म्हणजे एक पांढरा डोंगर आणि काळ्यात बुडालेला हात. शरीर सुंदर दाखवायचं असा हट्टच नाही तिथं, शरीर म्हणजे उजेड कुठं थांबतो ती कड.

त्यानंतर ‘बाराकेइ’, लेखक युकिओ मिशिमाबरोबर. मिशिमानं होसोएंचे हिजिकाताचे फोटो बघितले होते, स्वतःच्या पुस्तकासाठी त्यांनाच बोलावलं, १९६१ मध्ये. होसोए घरी गेले, मिशिमाचे वडील बागेत पाइपनं पाणी घालत होते, तोच रबरी पाइप घेऊन यांनी मिशिमाच्या उघड्या अंगाभोवती गुंडाळला आणि वरनं फोटो काढायला लागले. मिशिमा पापणी न हलवता लेन्सकडं बघत राहिला. पुस्तक १९६३ मध्ये आलं. आता यात जपानी परंपरा कुठाय असं तुला वाटेल, कारण मिशिमाच्या घरात सगळं युरोपियन नक्षीचं फर्निचर आणि होसोएंनी निगेटिव्हवर निगेटिव्ह ठेवून मागं युरोपियन चित्रं आणलेली. पण मरण आणि देह यांच्याकडं रोखून बघायची जी जुनी जपानी सवय आहे ती त्या नजरेत आहे, सजावटीत नाही. (डार्करूममध्ये त्यांचा तेव्हाचा असिस्टंट कोण, तर दाइदो मोरियामा, जो पुढं स्वतः एवढा मोठा फोटोग्राफर झाला.)

आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम म्हणजे ‘कामाइताची’. यावर मी थोडी रेंगाळणार आहे.

कामाइताची म्हणजे विळ्यासारखी नखं असलेलं मुंगसासारखं एक अदृश्य जनावर, उत्तरेकडच्या लोककथांमधलं. शेतातनं चालताना अचानक अंगावर चिरल्यासारखी जखम होते आणि कुणीच दिसत नाही, म्हणजे ते येऊन गेलं. युद्धात तोक्योवर बॉम्ब पडायच्या काळात होसोए लहान होते, त्यांना तिकडं उत्तरेला तोहोकू भागात आईच्या गावाकडं पाठवलेलं, तिथं ही गोष्ट त्यांच्या मनात बसली. हिजिकाता तर तिकडचाच, आकिता प्रांतातला. तर १९६५ मध्ये हे दोघं आकितातल्या ताशिरो गावात गेले आणि हिजिकाता तिथं कामाइताची झाला. भाताच्या खाचरातनं एक तान्हं बाळ घेऊन धावत सुटलाय, मागं काळं आभाळ. उंच लाकडी मांडवावर कावळ्यासारखा बसलाय, आपल्याकडं भाताच्या उडव्या रचतात तसं तिथं नाही, खांब-आडवे बांबू लावून त्याच्यावर पेंढ्या वाळत घालतात, त्या मांडवावर. गावातली पोरं आणि बायका खऱ्या, त्यांचं हसणं खरं, आणि मधे हा एक वेड्यासारखा माणूस उड्या मारतोय. पुस्तक १९६९ मध्ये निघालं. त्या गावात २०१६ पासून या फोटोंचं एक छोटं म्युझियमसुद्धा आहे, जुन्या शेतकरी घरात.

हे सांगण्याचं कारण असं, की यात जपानी दिसावं म्हणून मुद्दाम घातलेलं काहीच नाहीये. हिजिकाता म्हणायचा की त्याच्या लहानपणी शेतावर काम करणारे आईबाप बाळांना पेंढ्याच्या टोपलीत घट्ट बसवून बांधाला ठेवून द्यायचे, दिवसभर, पाय दुमडून बधिर व्हायचे, संध्याकाळी बाहेर काढलं की सरळ उभं राहता यायचं नाही. बुटोतले ते दुमडलेले वाकडे पाय तिथनं येतात. लोक सरसकट लिहून मोकळे होतात की बुटो म्हणजे हिरोशिमाचा नाच, मला ते पटत नाही, युद्धाची सावली आहेच त्याच्यावर, पण पाय मात्र त्या थंड चिखलातले आहेत. आणि होसोएंनी ते पाय त्याच चिखलात नेऊन ठेवले. हाच त्या फोटोंचा जीव आहे. वारसा आधीच अंगात होता, फोटोग्राफरनं फक्त उजेड आणि जागा दिली.

आता तुझ्या मैत्रिणीकडं ये. तिच्या अंगात काय आहे? अरैमंडी आहे. वर्षानुवर्षं गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून तिच्या मांड्या आणि पाठ तशी घडलीये. हे सोडून तिला बुटो करायला लावू नकोस, दोन यूट्यूब व्हिडिओ बघून बुटो होत नाही आणि ते नक्कल दिसतं. तिला तिचंच शरीर राहू दे. जपान उजेडातनं येऊ दे. माझं खरं सांगणं एवढंच आहे, बाकी सगळं आता हे कसं करायचं त्याबद्दल.

प्रोजेक्टरचं आधी. ऑफिसच्या मीटिंगला वापरतात ते बरेचसे प्रोजेक्टर डीएलपी असतात, त्यात एक रंगीत चाक फिरत असतं आणि तो लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागोमाग टाकतो, डोळ्याला ते एकत्र दिसतात पण कॅमेऱ्याला नाही. मी पहिल्यांदा असा भाड्याचा प्रोजेक्टर आणून १/२५० ला शूट केलं होतं, डान्सरच्या उड्या पकडायच्या म्हणून, आणि घरी येऊन बघते तर प्रत्येक फ्रेममध्ये अंगावर वेगळेच रंगांचे पट्टे, अख्खी संध्याकाळ वाया गेली, तिची पण आणि माझी पण. तेव्हा शटर १/६० किंवा १/३० ठेव, त्याहून जलद नको, किंवा तिन्ही रंग एकदमच टाकणारा थ्री-एलसीडी प्रोजेक्टर मिळाला तर तोच घे. मग उड्या मिळणार नाहीत, थांबलेलं किंवा हळू सरकणारं शरीर मिळेल, आणि या विषयाला तेच बरं आहे. लेन्स एफ/२.८ च्या आसपास, आयएसओ १६०० ते ३२०० लागेल, घाबरू नकोस.

दुसरं म्हणजे प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, एक राखाडी धुरकट उजेड सगळीकडं पसरतो. मागची भिंत शरीरापासून दोन-तीन मीटर तरी लांब हवी आणि काळ्या कापडानं झाकलेली. चित्राच्या कडेचा जास्तीचा उजेड प्रोजेक्टरसमोर काळा कार्डपेपर धरून काप.

तिसरं, आणि हे कुणी सांगत नाही. प्रोजेक्टर कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवलास तर चित्र अंगावर स्टिकर चिकटवल्यासारखं सपाट दिसतं. त्याला ४५ अंश बाजूला ने, मग तीच रेष गळ्याच्या हाडाशी वाकेल, बरगडीवर तुटेल, पोटाशी गायब होईल. रेष मोडली पाहिजे. ती होकुसाईची रेष कुणीतरी चेरीच्या कडक लाकडात कोरून काढलेली आहे, ती मऊ अंगावर येऊन मोडते तेव्हाच दोघांची भेट झाली असं म्हणायचं.

आणि चौथं, त्वचेचं. आपली सावळी त्वचा लाल-पिवळा उजेड बऱ्यापैकी परत फेकते पण निळा बराचसा पिऊन टाकते. त्यामुळं होकुसाईची ती प्रसिद्ध निळी लाट मैत्रिणीच्या पाठीवर टाकलीस तर मळकट दिसणार, मग तू कॉम्प्युटरवर निळा वाढवत बसणार आणि त्वचा आजारी दिसायला लागणार. होसोएंच्या नाचणाऱ्यांचं अंग पांढरं रंगवलेलं होतं, त्याला शिरोनुरी म्हणतात, त्यावर सगळे रंग जसेच्या तसे उठतात. मग तू काय करशील? मैत्रिणीला पांढरं फासायचं का? मला तरी ते नको वाटतं, तिची त्वचा हाच तुझा कागद आहे. त्यापेक्षा चित्र बदल. होकुसाईच्या ‘मांगा’ चित्रवह्या आहेत, पहिली १८१४ ची, एकूण १५ भाग, त्यात कुस्ती खेळणारे, नाचणारे, आंघोळ करणारे, ओझी वाहणारे अशी शेकडो माणसं आहेत, आणि छपाई फक्त काळा, राखाडी आणि फिकट अंगाच्या रंगाची. सावळ्या त्वचेवर हे अप्रतिम बसतं, शिवाय अंगावर अंगांचीच चित्रं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांच्या साइटवर जुन्या जपानी चित्रांचे मोठे स्कॅन मोफत मिळतात, कॉपीराइटची भानगड नाही.

आता प्रोजेक्टर बंद करून बोलू, कारण सगळी सिरीज त्याच्यावरच केलीस तर दहाव्या फोटोला बघणारा कंटाळेल.

जुन्या जपानी घरात उजेड कसा येतो हे समजून घे. छपराची पागोळी खूप पुढं आलेली, त्यामुळं वरनं थेट ऊन आत येतच नाही. ते बाहेरच्या पांढऱ्या खडीवर पडतं, तिथनं उसळून ओसरीच्या लाकडावर, तिथनं कागदी सरकत्या दारांतनं गाळून आत. म्हणजे उजेड खालनं आणि बाजूनं येतो. आपण स्टुडिओत सवयीनं सॉफ्टबॉक्स वर टांगतो आणि तिथंच चुकतं. एक पांढरी चादर जमिनीवर अंथर, तिच्यावर लाइट मार आणि मधे ट्रेसिंग पेपर किंवा पातळ हातकागद ताणलेली चौकट उभी कर. मैत्रीण पलीकडं बसली की हनुवटीच्या खालनं उजेड चढतो आणि डोळे सावलीत जातात. सोन्याचा वर्ख लावलेले ते जपानी पडदे अशाच मंद, खालच्या उजेडासाठी केलेले असतात, फ्लॅश मारला की ते पितळेसारखे दिसतात.

जपानच्या जुन्या नो नाटकाचे मुखवटे पण असेच. लाकडाचा मुखवटा, त्याचे भाव बदलणार कसे? नट मान किंचित वर करतो, त्याला तेरासु म्हणतात, म्हणजे उजळणं, आणि चेहरा हसरा वाटतो. किंचित खाली झुकवली की कुमोरासु, म्हणजे ढगाळणं, आणि तोच चेहरा दुःखी. भाव म्हणजे नुसता उजेडाचा कोन. तुझी मैत्रीण तर नवरस शिकलेली, तिला चेहऱ्याचा एकही स्नायू न हलवता फक्त मान दोन-तीन अंश हलवायला सांग, लाइट वरनं एकच, आणि ओळीनं २० फ्रेम काढ. भरतनाट्यम करणाऱ्याला हे फार अवघड जातं, अभिनय करायची सवय असते ना, पण जमलं की काय दिसतं ते बघ.

उजेडाची वाट बघणं हा प्रकार शिकायचा असेल तर फोटोग्राफर हिरोशी सुगिमोतो. क्योतोच्या सांजूसांगेन्दो मंदिरात सहस्रभुज कान्नोनच्या १००१ मूर्ती आहेत, साधारण १२० मीटर लांब दालनात. त्या मूर्तींचे फोटो काढायची परवानगी मिळवायला सुगिमोतोंना सात वर्षं लागली. १९९५ मध्ये काढले तेव्हा मंदिरातले ट्यूबलाइट बंद ठेवले आणि पूर्वेच्या डोंगरावरनं येणारं सकाळचं ऊन मूर्तींवर पोचेपर्यंत थांबले, म्हणजे आठशे वर्षांपूर्वी जसं दिसलं असेल तसं. आणि ही कान्नोन कोण, तर आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तोच. शेजारी जे २८ रक्षक देव उभे आहेत त्यात इंद्र, ब्रह्मा, आणि बासरी वाजवणारा करुरा म्हणजे आपला गरुड आहे. तुझ्या सिरीजला भारतातनं जपानला जायचा खरा रस्ता हवा असेल तर तो इथं आहे बघ. मैत्रिणीला भरतनाट्यममधली गरुडाची हस्तमुद्रा येतच असणार, ती वर सांगितलेल्या, खालनं आलेल्या उजेडात घे. एवढं पुरे, कुठंही जपान असं लिहावं लागणार नाही.

शरीर अजिबात न दाखवता शरीराचा फोटो काढणारे दोघंजण थोडक्यात सांगते. तोकिहिरो सातो, मूळचे शिल्पकार, ८×१० इंचाचा मोठा कॅमेरा लावून शटर तासतासभर उघडं ठेवतात आणि स्वतः फ्रेममध्ये फिरतात, दिवसा आरशानं सूर्य लेन्सकडं फेकतात, रात्री छोटा टॉर्च. ते सतत हलत असल्यामुळं स्वतः दिसत नाहीत, फक्त ठिपके राहतात, जिथं जिथं उभे राहून श्वास घेतला तिथं तिथं एक. त्या कामाचं नावच ‘फोटो-रेस्पिरेशन’. डिजिटलवर तासभर एक्स्पोजर देऊ नकोस, सेन्सर तापतो आणि दाणे येतात, ३० सेकंदांच्या फ्रेम्स काढून कॉम्प्युटरवर लायटन मोडमध्ये (त्यात प्रत्येक ठिकाणचा जास्त उजळ ठिपका राहतो) एकावर एक चढव. आणि दुसऱ्या मियाको इशिउची, २००७ पासून हिरोशिमाच्या म्युझियममधले कपडे शूट करतायत, बॉम्बमध्ये गेलेल्यांचे. काही कपडे त्यांनी लाइटबॉक्सवर ठेवले, खालनं उजेड आरपार येतो, शिवण दिसते, जळलेलं भोक दिसतं, आईनं हातानं शिवलेली कॉलर दिसते. मी ते फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा बराच वेळ काही बोलू शकले नव्हते. तुझ्या मैत्रिणीचा आजीनं दिलेला एखादा नाचाचा जुना ड्रेस असेल तर हे करून बघच.

एक गोष्ट शूटच्या आधी बोलून घ्या. उघड्या पाठीचे, खांद्यांचे फोटो होणार, तर काय उघडं राहणार, मूळ फाइल्स कुणाकडं राहणार, कुठं टाकणार, हे दोघी मिळून लिहून काढा, आणि तिनं सहा महिन्यांनी नको म्हटलं तर तो फोटो काढून टाकायचा हे पण त्यातच लिही. खोली गरम ठेव, थंडीनं अंगावर काटा आला की प्रोजेक्शनमध्ये लगेच दिसतो आणि मुख्य म्हणजे तिला त्रास होतो. दर २० मिनिटांनी थांब. होसोए आणि हिजिकाता एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते, तुम्ही मैत्रिणी आहात हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, ते सांभाळ.

पहिल्या दिवशी कॅमेरा काढूच नकोस. संध्याकाळी खोलीत पूर्ण अंधार कर, एकच टॉर्च घे, त्याला ट्रेसिंग पेपर लाव आणि तिच्या अंगाभोवती हळूहळू फिर, खालनं, मागनं, बाजूनं, कुठं कड उजळते आणि कुठं काळ्यात जाते ते वहीत चित्र काढून लिही. मग टॉर्च तिच्या हातात दे आणि तू बस. दुसऱ्या दिवशी मानेची ती २० फ्रेमची ओळ. ‘मांगा’ची पानं तिसऱ्या दिवशी. तेवढं झालं की काढलेल्या सगळ्या फ्रेम्स, चांगल्या-वाईट न निवडता, इथंच खाली टाक, मी एकेक बघून सांगते.